आईला आणखी पाच वर्षं टिकवायचं आहे

पत्र: डॉक्टरताई, मी ३६ वर्षांचा आहे. नोकरी पुण्यात, घर नाशिकला. आई ७२ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला आयपीएफ निघाला. फुप्फुसाला जाळी पडत चालली आहे, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीपासून घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. वर्ष-दीड वर्ष धरून चाला, असं आता सांगितलंय. आई म्हणते, मला परत दवाखान्यात नेऊ नका, घशात नळी घालू नका.

मी एआयमध्येच काम करतो. गेल्या तीन वर्षांत जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून माझी खात्री आहे की पाच-दहा वर्षांत माणसाहून कितीतरी हुशार यंत्रं येतील आणि म्हातारपण हा आजारच ती सोडवतील. मग मरण टाळता येईल. म्हणजे आईनं पाच वर्षं कशीही काढली, तर ती कायमची वाचली. त्यासाठी आयसीयू, व्हेंटिलेटर, लागेल ते करायची माझी तयारी आहे. ताई म्हणते, तू आईचे हाल करतोयस. आमचं बोलणं बंद आहे. आई देवापुढं निरांजन लावायला नाकातली ऑक्सिजनची नळी काढून ठेवते, ऑक्सिजन ८२ वर येतो, मी तिच्यावर ओरडतो. दर शुक्रवारी रात्री ऑफिस सुटलं की गाडी काढून नाशिक गाठतो. अमेरिकेत शरीर गोठवून ठेवणाऱ्या संस्थेकडंही चौकशी केली आहे. सिन्नरकडची दोन एकर विकली तर पैसे उभे राहतील. मी चुकतोय का? आणि खरं सांगा, हे होणार आहे की नाही?

उत्तर:

आधी निरांजनाचं बोलते, बाकीचं मागाहून. नळी नाकातून काढून मांडीवर ठेवली आणि मशीन तसंच चालू राहिलं, तर पदरात, केसांत, उशीत ऑक्सिजन मुरतो. अशा पदराला ज्योत नुसती शिवली तरी भडका उडतो. ऑक्सिजन चालू असताना विडी पेटवलेल्या एका आजोबांचा चेहरा मी पाहिला आहे, अजून विसरले नाही. तेव्हा ओरडू नका, पण आजपासून निरांजन तुम्ही लावा, नाहीतर घरात जे असेल त्यानं लावावं. आईंची खुर्ची देवघरापासून दहा-बारा फुटांवर ठेवा, नळी नाकाला राहू दे, आणि मांडीवर कापूस द्या. वाती त्यांनी वळायच्या. फुलवाती की तेलवाती, कोणत्या देवाला किती, हे त्या सांगतील आणि तुम्ही तसं करायचं. यात त्यांचं काही जाणार नाही. आज जे जातंय ते तुमच्या ओरडण्यानं जातंय.

आता मोठा प्रश्न. 'जन्माला आला तो जाणारच' हे तुम्हाला शेजारपाजाऱ्यांनी दहादा ऐकवलं असेल. मी ते ऐकवणार नाही. एकतीस वर्षं मी डॉक्टरी केली, ती मरणाला 'चालायचंच' म्हणण्यासाठी केली नाही. देवीचा रोगही निसर्गातलाच होता. आपल्या देशातला त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, आणि १९८० मध्ये तो जगातून गेल्याचं जाहीर झालं. त्या निसर्गाची आठवण कुणी काढत नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरी गाठून आहे. जास्त जगावंसं वाटणं आणि आपल्या माणसानं जास्त जगावंसं वाटणं, यात चूक काहीच नाही.

तुमची आशा वेडगळही नाही. आय. जे. गुड नावाच्या ब्रिटिश गणितज्ञानं १९६५ मध्येच लिहून ठेवलं आहे की माणसाहून हुशार असं पहिलं यंत्र हाच माणसाचा शेवटचा शोध ठरेल, पुढचे शोध ते यंत्रच लावील. त्यांनी एक अटही घातली होती: ते यंत्र आपलं ऐकणारं असलं पाहिजे. प्रथिनांचे आकार ओळखण्याचं काम घ्या. एकेका प्रथिनापायी संशोधकांची वर्षं जायची. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनं वीस कोटींहून जास्त प्रथिनांचे आकार वर्तवले, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं. मी वैद्यकीय कॉलेजात होते तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

तुम्ही ज्यांची भाकितं वाचली असणार त्या अमेरिकी संशोधक रे कर्झवाइल यांच्याबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०४५ हे साल त्यांनी २००५ मध्येच सांगून टाकलं होतं: तोवर यंत्राची बुद्धी माणसाच्या कितीतरी पुढं गेलेली असेल. पण त्याच्या मागचं पाहा. त्यांचे वडील संगीतकार होते. ते हृदयविकारानं गेले तेव्हा रे फक्त २२ वर्षांचे होते. वडिलांची पत्रं, टिपणं, कागदपत्रं त्यांनी खोकी भरभरून जपून ठेवली, आणि पुढं त्या लिखाणावरून वडिलांसारखं बोलणारा एक प्रोग्रॅम तयार करून घेतला. जगभर गाजलेल्या त्या भाकिताच्या मुळाशी बाप गेलेला एक मुलगा आहे, असं मला वाटतं. तुमचं पत्र वाचताना मला तेच दिसलं. म्हणून मी तुम्हाला आकड्यांत उत्तर देणार आहे. नुसत्या धीराच्या शब्दांनी तुमचं समाधान व्हायचं नाही.

आकडे तुमच्या आईंच्याच आजारातले घेऊ. आयपीएफवर एक औषध आहे, रेंटोसर्टिब. ते शरीरात कुठं नेम धरेल ती जागाही एआयनं शोधली आणि तिथं बसणारा रेणूही एआयनं घडवला. इन्सिलिको मेडिसिन या कंपनीचं हे काम. नेम शोधण्यापासून रेणू नक्की होईपर्यंत दीड वर्षाच्या आसपास लागलं. एरवी या टप्प्याला याच्या दुपटी-तिपटीनं वेळ जातो. रेणू ठरला २०२१ च्या सुरुवातीला. चीनमध्ये ७१ रुग्णांवर त्याची बारा आठवड्यांची चाचणी झाली, आणि तिचे निष्कर्ष छापून आले २०२५ च्या जूनमध्ये. सगळ्यांत जास्त मात्रा घेतलेल्या गटात श्वासाची क्षमता सरासरी ९८ मिलिलिटरनं वाढली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ती २० मिलिलिटरनं घटली. माझा जीव सुखावला हे वाचून. आयपीएफचे रुग्ण मी पाहिले आहेत. स्टेथोस्कोप पाठीला लावला की वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखा आवाज येतो, आणि तो एकदा ऐकला की पुढचं सगळं कळतं. तिथं अठ्ठ्याण्णव नाही, नव्वद मिलिलिटर वाढले तरी ती मोठी गोष्ट आहे.

पण तारखा पुन्हा बघा. यंत्राचं काम दीड वर्षात संपलं. त्यानंतर चार वर्षं गेली ती माणसांच्या शरीरात औषध घालून वाट पाहण्यात, आणि अजून मोठी चाचणी व्हायचीच आहे. ७१ माणसं आणि बारा आठवडे एवढ्यावर कुणी औषध बाजारात आणत नाही, आणि आणूही नये. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतली नऊ शेवटी बाद होतात. औषधानं वर्षभरात फुप्फुस किती टिकलं हे बघायचं तर वर्ष जावंच लागतं. वरण कुकरमध्ये लवकर शिजेल, लोणचं मुरायला जितके दिवस लागायचे तितके लागतातच. आणि म्हातारपणावरचं औषध म्हटलं तर ते मुरायला पिढी जाईल.

तुम्ही म्हणाल, इतकं हुशार यंत्र शरीराची हुबेहूब नक्कल संगणकात करील आणि चाचणी तिथंच उरकेल. होईलही कधीतरी. आज आपण कुठं आहोत ते सांगते. सी. एलिगन्स नावाचा एक मिलिमीटरचा किडा आहे. त्याच्या मज्जापेशी मोजून ३०२. त्या एकमेकींना कशा जोडल्यात याचा नकाशा १९८६ मध्ये छापला गेला. तो किडा जसा वागतो तसा पुरता वागणारा संगणकी किडा अजून कुणाला करता आलेला नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा पुरा झाला, एक लाख चाळीस हजारांच्या आसपास पेशी. तुमच्या आईंच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. आणि मेंदूची नक्कल उतरवून माणूस यंत्रात जिवंत ठेवायचा म्हटलं, तरी मला एक अडचण दिसते. एका निरांजनावर दुसरं लावलं, पहिलं विझलं. दुसरं तेवत राहिलं म्हणून पहिलं विझलं नाही असं म्हणता येतं का? तुमच्या फोनमधून आईंच्या आवाजात 'जेवलास का' विचारणारं काहीतरी तुम्हाला बरं वाटवील. आईंचा श्वास त्यानं लांबणार नाही. त्यांचा आवाज मात्र जरूर साठवा, त्यांना विचारून.

'अमर' हा शब्द आम्ही डॉक्टर जपून वापरतो, त्याचंही कारण सांगते. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं की आपल्या साध्या पेशी चाळीस ते साठ वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. न थांबणाऱ्या पेशीही आहेत. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेली. तिला न विचारता काढून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्या अमर आहेत, कारण त्या कर्करोगाच्या आहेत. पेशीला थांबायचं कळलं नाही तर माणूस जातो. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकांच्या जोरावर पूर्ण वाढ झालेली पेशी पुन्हा कोवळी करून दाखवली, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्या वाटेवर आज खूप काम चाललंय. तिथंही पहिली धास्ती हीच: कोवळी करता करता गाठ तर होणार नाही ना.

अजून एक हिशेब, हा फार जुना आहे. १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ नावाच्या विमा कंपनीतल्या गणितज्ञाला दिसलं की तरुणपण सरलं की मरणाचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. आजच्या आकड्यांत साधारण दर आठ वर्षांनी. त्यामुळं एक कर्करोग पूर्ण बरा झाला तरी आयुष्य थोडंच वाढतं, दुसरं काहीतरी रांगेत उभंच असतं. सगळ्यांत जास्त जगल्याची पक्की नोंद असलेल्या फ्रान्सच्या झान कालमाँ १९९७ मध्ये गेल्या, १२२ वर्षं १६४ दिवसांच्या होऊन. त्यांच्यापुढं अजून कुणी गेलेलं नाही. ही दर आठ वर्षांची दुप्पट थांबवता आली, तर माणूस शेकडो वर्षं जगू शकेल. अमर तेव्हाही होणार नाही, कारण अपघात, पूर, नवे विषाणू राहणारच. २०२३ मध्ये आपल्या देशातल्या रस्त्यांवर एक लाख ७२ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांना म्हातारपणानं मारलं नव्हतं. आणि तुम्ही दर शुक्रवारी रात्री, आठवडाभराची झोप थकलेली असताना, पुण्याहून नाशिकला गाडी चालवत जाता. चंदनापुरी घाटात रात्री दोन वाजता तुमचे डोळे कसे असतात हे मला इथं बसून दिसतंय. आईच्या पाच वर्षांचा हिशेब मांडताना ही ओळ तुम्ही धरलेलीच नाही.

तर माझं मत असं. यंत्रांच्या मदतीनं माणसाचं धडधाकट आयुष्य वाढेल, कदाचित तुमच्या मुलांच्या हयातीत बरंच वाढेल, आणि ते व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. मरणच राहणार नाही, हे मला पटत नाही. आणि पाच वर्षांत तर नक्कीच नाही, कारण अडलेलं सगळंच काम बुद्धीअभावी अडलेलं नसतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना बाळाला ऊब द्यायला, न्यूमोनिया ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ती औषधं आधीपासून होती. दारापर्यंत पोचवणारं माणूस नव्हतं. उद्या अमृत जरी सापडलं तरी ते सिन्नरच्या आरोग्य केंद्रात कधी पोचेल, हा हिशेब तुमच्या पाच वर्षांत आहे का?

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आता लिहिते. घटकाभर तुमचं सगळं खरं धरू. पाच वर्षांनी औषध येणार, नाशिकला मिळणार, आईंना चालणार. तरीही व्हेंटिलेटर ही पाच वर्षं देऊ शकत नाही. न्यूमोनिया झालेल्या तरुण माणसाला व्हेंटिलेटर लावतात, तेव्हा खालचं फुप्फुस बरं होणार असतं आणि मशीन तोवर वेळ काढून देतं. आयपीएफमध्ये फुप्फुसाची जाळी झालेली असते, ती परत मऊ होत नाही. त्यामुळं शेवटच्या टप्प्यावर व्हेंटिलेटरवर गेलेल्या या रुग्णांतल्या बहुतेकांना त्यावरून उतरवता येत नाही. फुप्फुस बदलण्याच्या यादीत नाव असलेला रुग्ण ही एक वेगळी गोष्ट, आणि बहात्तराव्या वर्षी तो दरवाजा जवळजवळ बंद असतो. म्हणजे तुम्ही ज्या पाच वर्षांसाठी भांडताय ती टेबलावर मांडलेलीच नाहीत. मांडलेले आहेत ते काही महिने, आणि ते घरी जायचे की आयसीयूत, एवढंच.

माझ्या वडिलांचं सांगते. ते शाळामास्तर होते, मोत्यासारखं अक्षर. शिरोरेषेशिवाय लिहिलेला कागद ते मुलांना परत करायचे. ८१ व्या वर्षी त्यांची फुप्फुसं गेली, वेगळ्या आजारानं. डॉक्टर मी होते, सही मीच केली. अकरा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पांढऱ्या पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधले होते. मी गेले की तेवढ्यापुरता एक हात सोडायचे. सहाव्या दिवशी मी त्यांच्या हातात पेन दिलं. केसपेपरच्या मागं त्यांनी लिहिलं, 'पाणी'. शिरोरेषा नव्हती. नळी असताना पाणी देता येत नाही. मी ओल्या कापसानं ओठ पुसले. मग खाली अजून एकदा लिहिलं, 'पाणी', आणि त्यातला काना कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेला. तो कागद माझ्याकडं आहे. त्यांना नळी नको होती, हे मला माहीत होतं. त्यांनी आदल्या वर्षी चहा पिताना सांगितलं होतं आणि मी 'काहीतरीच काय बोलता' म्हणून विषय बदलला होता. या सहीचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते वाटणं कमी व्हावं अशी माझी इच्छाही नाही. तुमच्या आई शुद्धीवर असताना, स्पष्ट शब्दांत, तुम्हाला सांगताहेत. तुम्हाला ते ऐकायला मिळालंय.

गोठवण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यात फार दम नाही. पहिला माणूस, जेम्स बेडफर्ड, १९६७ च्या जानेवारीत गोठवला. तेव्हापासून आजवर एकालाही परत आणता आलेलं नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या संस्थेत पूर्ण शरीरासाठी दोन लाख डॉलरच्या आसपास खर्च येतो. शरीर थंड करायचं काम हृदय थांबताच काही मिनिटांत सुरू व्हावं लागतं, आणि तुम्ही नाशिकहून ॲरिझोनाला जाणार. जमीन विकू नका. ती विकायचा अधिकार तुम्हा एकट्याचा आहे का, हाही प्रश्न आहेच. आणि आईंना विचारलंत का, की त्यांना अग्नी हवा आहे की नायट्रोजनची टाकी?

आता करायचं काय. छातीच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: आईंना निंटेडानिब किंवा पिरफेनिडोन, म्हणजे जाळी पडण्याचा वेग कमी करणारं औषध, चालू आहे का, ते सोसतंय का, आणि नेरँडोमिलास्टबद्दल त्यांचं मत काय. आयपीएफवरचं हे नवं औषध २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आपल्या देशात चालू असलेल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर खुली आहे, ती तुम्ही माझ्यापेक्षा लवकर चाळाल. एखादी चाचणी आईंना लागू पडत असेल आणि त्यांची इच्छा असेल, तर जरूर भाग घ्या. तुमची सगळी हुशारी तिथं लावा.

दुसरं, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना आजच भेटा, शेवटी नाही. लोकांना वाटतं ते फक्त कर्करोगाला. धाप लागण्याच्या भीतीवर त्यांच्याकडं इलाज आहेत. अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन काहींची धाप हलकी करतं. त्यांच्या सल्ल्यानं घेतलं तर घाबरण्यासारखं काही नाही. आणि चेहऱ्यावर, नाक-ओठांपाशी धरलेला हातातला छोटा पंखासुद्धा. हसू नका, हा सिद्ध झालेला उपाय आहे, दीडशे रुपयांचा. ऑक्सिमीटर दिवसातून दोनदा लावा, वीसदा नको. आई तुमच्या चेहऱ्याकडं बघून आपला आकडा ओळखत असतील.

तिसरं, आईंचं म्हणणं कागदावर येऊ द्या. मुंबईच्या अरुणा शानबाग ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवण्याबद्दल पहिल्यांदा वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. त्यात कोणते उपचार नकोत ते आई लिहितील, आणि आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा कुणाला विचारायचं त्यांची नावं देतील. एक प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं द्या, एक महापालिकेकडं. वेळ आली की हॉस्पिटलमधली डॉक्टरांची दोन मंडळं ते तपासतात. म्हणजे तो निर्णय मध्यरात्री लिफ्टच्या दारात तुमच्या एकट्याच्या सहीवर येऊन पडणार नाही. मला वाटतं, तुम्हाला आतून छळतंय ते हेच ओझं.

त्या कागदावर दोन नावं येऊ द्या, ताईंचं आणि तुमचं. ताईंना फोन तुम्ही करा. तुझं बरोबर होतं वगैरे म्हणायची गरज नाही. आईचा कागद करायचाय, तू ये, एवढं म्हणा. त्या तुमच्यावर चिडल्या आहेत, पण आईला धाप लागलेली बघून त्याही रात्रीच्या जाग्याच असणार. तुम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरलेले आहात, आणि घाबरलेली भावंडं एकमेकांवर ओरडतात, हे मी वॉर्डाबाहेरच्या बाकांवर शेकडो वेळा पाहिलं आहे.

एक विचारते, राग मानू नका. आईंनी शेवटचं तुम्हाला काय सांगितलं, औषध आणि आकडे सोडून? पत्रात मला ते कुठंच सापडलं नाही. त्यांच्या माहेरचं गाव, तुमचे वडील, कुणाकडं राहिलेलं एखादं भांडं, तुमच्या लग्नाचा विषय, काहीही. त्यांच्याकडं सांगायला बरंच असेल. धाप लागते म्हणून थोडं थोडं सांगतील, मध्ये थांबतील. थांबल्या की आकडा बघू नका, नुसतं बसा.

आणि शुक्रवारी रात्री निघू नका. झोपा. शनिवारी पहाटे पाचला निघालात तर दहाच्या सुमारास पोचाल. तोवर आईंची आंघोळ उरकलेली असेल, त्या खुर्चीत बसून वाती वळत असतील, आणि निरांजन लावायला तुमची वाट बघत असतील.